पाण्यावरचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय असते, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. डबे रिकामे करून पुन्हा भरायचे, देव ताम्हनात घालून जपून न्यायचे, नव्या जागेत नळाला पाणी किती वाजता येते याची शेजारी चौकशी करायची आणि पहिले चार दिवस हाताशी मीठ सापडत नाही म्हणून चिडचिड करायची! पण घरच रोज जागा बदलणारे असेल तर? अंगण म्हणजे नदी, ओसरी म्हणजे नावेचे टोक आणि जमीन म्हणजे पाण्यावर डुलणारी फळी, असा संसार असेल तर?

नावेवर राहणाऱ्या कुटुंबाचे चित्र पाहिले की काठावरच्या माणसाला हेवा वाटतो. शेजाऱ्यांची कटकट नाही, वाहनांचा धूर नाही, सकाळी डोळे उघडले की समोर पाणी. पण दुरून डोंगर साजरे, तशाच दुरून नावाही! हा संसार कसा चालतो आणि कोणाच्या जिवावर चालतो, हे पाहायचे असेल तर कोलकात्याच्या सियालदह स्थानकासारखी दुसरी जागा नाही. रेल्वे स्थानकाचा आणि नावेचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो नावापासूनच सुरू होतो.

डोहाकाठचे स्थानक

बंगालीत ‘दह’ म्हणजे आपला डोह, आणि ‘शियाल’ म्हणजे कोल्हा. कोल्ह्यांचा डोह तो शियालदह, अशी या नावाची फोड लोक करतात. ती खरी असो वा नसो, जागा मात्र पाणथळच होती. पूर्वेला खाऱ्या पाण्याची तळी आणि दलदल पसरलेली होती. एकोणिसाव्या शतकात सियालदहला तळे खोदताना जमिनीखाली सुमारे ३० फुटांवर सुंदरीच्या झाडांचे बुंधे सापडले होते. सुंदरबनात वाढणारे हे झाड. म्हणजे आज जिथे लोकल गाड्यांची रीघ लागते, तिथे एके काळी भरती-ओहोटीचे रान होते.

मराठी वाचकांना या परिसराची आणखी एक ओळख आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला ‘मराठा डिच’ म्हणत. सात मैलांचा बेत होता, त्यापैकी सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत! १७९९ मध्ये त्या खंदकाचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. सियालदहवरून जाणाऱ्या या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे हेच शास्त्रज्ञ एका नावेवर पाहुणे म्हणून भेटणार आहेत.

१८६२ मध्ये ईस्टर्न बेंगॉल रेल्वेची गाडी सियालदहहून सुटू लागली आणि त्याच वर्षी ती कुष्टियापर्यंत पोहोचली. कुष्टिया आज बांगलादेशात आहे. पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचा मुलूख. गाडीतून उतरायचे आणि नावेत बसायचे, हाच तिथला प्रवास. त्यामुळे सियालदह हे स्थानक असले, तरी त्याचा पुढचा थांबा बहुधा एखादा घाटच असे.

ठाकुरांच्या घरातल्या नावा

कोलकात्याच्या जोडासांको भागातील ठाकुर कुटुंब म्हणजे रवींद्रनाथांचे कुटुंब. या घराला नावेचे वेड दोन पिढ्यांपासूनचे होते. १८४६ च्या पावसाळ्यात रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ गंगेवरून लांबच्या प्रवासाला निघाले. त्यांच्या पत्नी शारदादेवी रडू लागल्या. मला मागे टाकून जाऊ नका, जायचेच असेल तर मलाही न्या, असा त्यांनी हट्ट धरला. अखेर द्विजेंद्र, सत्येंद्र आणि हेमेंद्र या तीन लहानग्यांसह त्या नावेवर चढल्या. वाटेत वादळ आले आणि नाव बुडता बुडता वाचली. त्याच प्रवासात त्यांना विलायतेहून आलेली दुःखद बातमी कळली. देवेंद्रनाथांचे वडील द्वारकानाथ लंडनमध्ये वारले होते.

त्या नावेतला चार वर्षांचा सत्येंद्र पुढे आयसीएस होणारा पहिला भारतीय ठरला आणि आपल्या मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून राहिला. त्याची मुलगी इंदिरा हिला काका रवींद्रनाथांनी नावेतून जी पत्रे लिहिली, ती १९१२ मध्ये ‘छिन्नपत्र’ या नावाने पुस्तकरूपात आली. नावेवरच्या दिवसांची अशी बारीकसारीक नोंद फार थोड्या घरांनी ठेवली असेल.

जमीनदारीचे काम पाहण्यासाठी रवींद्रनाथ १८९० च्या सुमारास शिलाइदह, शहाजादपूर आणि पतिसर या गावांकडे जाऊ लागले. शिलाइदहमध्येही तोच ‘दह’ आहे. सियालदहहून कुष्टिया आणि तिथून गोराई नदीने पद्मेवर, अशी ही वाट. पद्मा म्हणजे आपली गंगाच, पूर्व बंगालात शिरल्यावर तिला हे नाव पडते. त्यांच्या मुख्य बजऱ्याचे नावही ‘पद्मा’च होते. बजरा म्हणजे राहायच्या खोल्या असलेली मोठी नाव. वारा असला की शीड, उथळ पाण्यात बांबू, आणि प्रवाह उलटा असला की काठावरून दोर ओढत चालणारी माणसे, अशी तिची चाल. या दोराला बंगालीत ‘गुण’ म्हणतात. संस्कृतातही दोरीला तोच शब्द आहे.

हे सुख निर्धोक नव्हते. १८९२ च्या जुलैमध्ये गोराईवरच्या रेल्वे पुलाखालून जाताना बजऱ्याची डोलकाठी पुलाला अडकली. खाली भर पावसाळ्यातला प्रवाह नावेला पुढे रेटतो आहे आणि वर काठी अडकलेली आहे. नाव कलंडू लागली. दुसरी नाव मदतीला धावून आली म्हणून रवींद्रनाथ वाचले. घरात दाराला कडी घातली की निर्धास्त झोपता येते. नावेत पाण्याची पातळी हातभर चढली, तरी कालचा हिशेब आज चुकतो!

हरवलेल्या मृणालिनी

रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी या खुलना जिल्ह्यातील फुलतलाच्या. माहेरचे नाव भवतारिणी. १८८३ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्या जोडासांकोच्या भल्यामोठ्या वाड्यात आल्या. माणसांनी भरलेल्या घरात एकटीने चार पावले चालणेही अवघड.

शिलाइदहसमोरच्या वाळवंटाला नाव लागली, तेव्हाचा एक प्रसंग रवींद्रनाथांच्या पत्रात आहे. संध्याकाळी मृणालिनीदेवी, त्यांची सोबतीण आणि पुतण्या बलेंद्रनाथ वाळूवर फिरायला गेले. चहूकडे पांढरी वाळू, ना झाड ना घर ना माणूस. अंधार पडला तरी मंडळी परतली नाहीत. रवींद्रनाथ नावेतून उतरून हाका मारू लागले. नोकर कंदील घेऊन निघाले. एकामागून एक भयंकर शंका मनात येऊ लागल्या. फसवी रुतणारी वाळू, साप, घेरी... शेवटी मंडळी सुखरूप सापडली, पण ती भलतीच दूर गेली होती!

या प्रसंगावर आज हसू येते. पण क्षणभर त्या बाईच्या बाजूने पाहावे. वाड्यात वाढलेल्या, दोन मुलांच्या तरुण आईला मनसोक्त चालायला मोकळी जागा मिळाली, आणि ती चालत राहिली. बजऱ्यावरच्या संसाराने तिला दिलेली ही सर्वांत मोठी चैन असावी. आणि त्याच वेळी हेही दिसते, की नावेतल्या कुटुंबातले कोणी तासभर नजरेआड झाले, तर शोधायला पत्ता नसतो. ना गल्ली, ना नाका, ना वाण्याचे दुकान.

शनिवारचा पाहुणा

१८९८ मध्ये मृणालिनीदेवी पाच मुलांसह शिलाइदहच्या कुठीबाडीत, म्हणजे जमीनदारीच्या बंगल्यात, राहायला आल्या. नदी जवळच. बजरा हे घराचेच दुसरे दालन झाले. थोरला मुलगा रथींद्रनाथ यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आठवणींत या दिवसांचे वर्णन केले आहे.

थंडीच्या दिवसांत जगदीशचंद्र बोस शनिवारी कोलकात्याहून यायचे आणि सोमवारी परत जायचे. प्रेसिडेन्सी कॉलेजातला हा नामांकित प्राध्यापक वाळूवर मूल होऊन जाई. कासवाच्या पावलांचे ठसे वाळूत कसे ओळखायचे आणि अंडी कुठे सापडतात, हे त्यांनी रथींद्रनाथांना शिकवले. वाळूत खड्डे खणून सगळ्यांना उन्हात पडून राहायला लावायचे, डोक्यावर ओला टॉवेल, आणि अंग चांगले तापले की नदीत उडी! त्यांची एक अटही असे. प्रत्येक खेपेला रवींद्रनाथांनी नवी कथा वाचून दाखवलीच पाहिजे. बंगाली कथेला या शनिवारच्या तगाद्याचे ऋण आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मुलांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न नावेवर किंवा आडगावी राहणाऱ्या प्रत्येक आईला पडतो. ठाकुरांनी घरातच शाळा काढली. बंगाली रवींद्रनाथ स्वतः शिकवत. गणिताला जगदानंद राय, संस्कृतला शिवधन विद्यार्णव, आणि इंग्रजीला लॉरेन्स नावाचे एक विक्षिप्त साहेब. या साहेबांना रेशमाच्या किड्यांचे इतके वेड, की शिकवणे राहायचे बाजूला! रथींद्रनाथ पुढे शेतीशास्त्र शिकायला १९०६ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला गेले. नदी, वाळू, शेत आणि रेशीमकिडे यांचा तो धडा वाया गेला नाही.

स्वयंपाक, मुलांचे दुखणेखुपणे, अचानक उतरणारे पाहुणे आणि नोकरचाकरांची व्यवस्था मृणालिनीदेवींकडे. कुठीबाडीतली भाजीची बाग आणि त्यांच्या हातची मिठाई पाहुण्यांच्या लक्षात राहिली. रवींद्रनाथांची पत्रे जगाने वाचली. त्या पत्रांमागे वेळेवर येणारे ताट कोणाचे होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. १९०१ मध्ये कुटुंब शांतिनिकेतनला गेले. तिथल्या शाळेसाठी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले, आणि २३ नोव्हेंबर १९०२ रोजी, तिशीही गाठण्याआधी, त्या गेल्या.

चालत्या घराची शिस्त

बजरा असो वा साधी होडी, पाण्यावरच्या संसाराचे काही नियम ठरलेले असतात. पहिला नियम पाण्याचाच. भोवती इतके पाणी, पण प्यायचे वेगळेच! नदीचे पाणी गढूळ असते. ते भांड्यात भरून तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी उकळायचे, ही बंगालमधल्या नावेवरची जुनी पद्धत. जिथे नदी खारी, तिथे गोडे पाणी काठावरूनच भरून न्यावे लागते.

दुसरा नियम आगीचा. लाकडी नावेत चूल म्हणजे शत्रूच घरात. मातीची उचलती चूल नावेच्या मागच्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवतात. श्रीमंतांच्या बजऱ्यासोबत स्वयंपाकाची नाव निराळी असे. गरिबाची एकच नाव. तिथेच रांधायचे, तिथेच निजायचे.

तिसरा नियम वजनाचा. नावेत एक वस्तू वाढली की एक कमी करावी लागते. जड सामान मध्ये आणि खाली, हलके वर. ज्या भगिनींच्या घरात माळ्यावर वीस वर्षांचा पसारा आहे, त्यांनी हा नियम जरूर मनावर घ्यावा!

चौथा नियम वेळेचा. घड्याळ काही म्हणो, ओहोटीला निघायचे असेल तर पहाटे तीनलाही उठायचे. पोळ्या लाटून व्हायच्या आहेत म्हणून भरती थांबत नाही.

स्थानकामागचा कालवा

सियालदहच्या पूर्वेला, बेलियाघाटाकडे गेले की एक कालवा लागतो. आज त्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. पाणी काळे, काठावर कचरा. पण १८१० मध्ये बेलियाघाटा कालवा आणि १८३० च्या सुमारास हुगळीला जोडणारा सर्क्युलर कालवा झाल्यावर, पूर्व बंगालचा माल याच वाटेने शहरात येत असे. तांदूळ, ताग, सुंदरबनातले लाकूड, छपराची गोलपाती, भाताचा पेंढा, मातीची मडकी यांनी लादलेल्या नावा खुलना आणि बारिसालकडून सुंदरबनातल्या खाड्यांतून इथे पोहोचत. या नावांवरची माणसे दिवसेंदिवस पाण्यावरच राहत. त्यांना ‘पद्मे’वरची पौर्णिमा पाहायला सवड नव्हती. भाडे, भरती आणि लॉकगेट उघडण्याची वेळ यांतच दिवस मावळे.

१९४७ च्या फाळणीने ही वाट मधोमध तुटली. नद्या एका देशात आणि बाजारपेठ दुसऱ्या देशात! रेल्वे आणि ट्रकने उरलेले काम संपवले, कालवे गाळाने भरले. आणि त्याच सियालदहच्या फलाटांवर पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे मुक्कामाला आली. बारिसाल, फरीदपूर, खुलना इथली ही माणसे. दारात होडी असणाऱ्या घरातल्या बायकांनी फलाटावर तीन विटांची चूल मांडली. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे दूरदूरच्या वसाहतींत पाठवले गेले. महाराष्ट्रातही गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, निर्वासितांची बंगाली गावे वसली. पाण्यावर वाढलेली ही माणसे रानात राहायला आली, पण दारातले तळे आणि ताटातला मासा त्यांनी सोडला नाही.

त्या काळातल्या नावा आज पाहायच्या तर सियालदहपासून फार लांब नसलेल्या कांकुडगाछीला जावे. २०१४ मध्ये तिथे बंगालच्या नावांचे संग्रहालय सुरू झाले. चाळीसहून अधिक प्रकारच्या नावांच्या प्रतिकृती काचेत मांडल्या आहेत. मुलांना घेऊन जाण्याजोगी जागा आहे. एवढ्या प्रकारच्या नावा एकाच प्रांतात का लागल्या, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. उथळ पाण्याला सपाट तळ, ओढाळ प्रवाहाला निमुळता, पेंढ्याच्या भाऱ्यांना रुंद, हे उत्तर ती आपोआप शोधतील.

दक्षिणेची गाडी

उत्तरेची कुष्टियाची वाट आता सरहद्दीने अडवली आहे. पण सियालदहच्या दक्षिण विभागातून कॅनिंगची लोकल आजही सुटते. ही सुंदरबनची गाडी. पहाटे कोलकात्यात घरकामाला येणाऱ्या बायकांची गर्दी या मार्गावर असते. कॅनिंगच्या पुढे मात्र बसगाड्या आणि मग नावा.

सुंदरबनातल्या कित्येक घरांत नवरा-बायको मिळून खेकडे पकडायला जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास छोटी होडी घेऊन निघायचे आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, होडीवरच राहायचे. सोबत तांदूळ, डाळ, बटाटे, मीठ, मातीची चूल, सरपण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोड्या पाण्याचे कॅन. लांब दोरीला ठराविक अंतरावर आमिष बांधून ती खाडीत सोडतात. खेकडा आमिषाला धरून बसला की दोरी हलक्या हाताने वर घ्यायची आणि जाळीने तो उचलायचा. एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने उचलायचे. रात्री होडी खाडीच्या मध्यावर नांगरून झोपायचे. काठाला लावायची नाही, कारण काठावर वाघ! होडी मध्यावर असली तरी पूर्ण निर्धास्त होता येत नाही, कारण सुंदरबनचा वाघ पोहण्यात पटाईत.

जंगलात शिरण्याआधी हिंदू असो वा मुसलमान, वनबीबीला हात जोडल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. वनखात्याचा परवानाही लागतो, आणि तो सर्वांकडे नसतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात जायला मनाई आहे. तरी पोटासाठी माणसे जातात. तिथे वाघाने माणूस नेला, तर मागे राहिलेल्या बाईला भरपाई मागणेही कठीण. २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अशा एका विधवेच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा सुंदरबनातल्या किती तरी घरांत तो आशेने ऐकला गेला असेल.

या होड्यांवर बायकांची संख्या का वाढली, त्याचेही कारण आहे. २५ मे २००९ ला ‘आयला’ आणि २० मे २०२० ला ‘अम्फान’ ही चक्रीवादळे आली. मातीचे बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले, भात पिकेना. पुरुष केरळ, तामिळनाडूकडे मजुरीला गेले. ज्या राहिल्या, त्यांनी खाडीचा आधार घेतला. मुले आजीजवळ ठेवून आई होडीत चढते. आठवडाभराने परतेपर्यंत मुलाचा ताप उतरला की नाही, हे अनेकदा कळतही नाही. खाड्यांच्या त्या रानात मोबाइलला रेंज कुठून येणार?

किनाऱ्याचा भरवसा

आता या साऱ्या नावा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ठाकुरांचा बजरा, कालव्यातली मालाची नाव आणि खेकड्यांची होडी. पाणी तेच, भरती-ओहोटी तीच. मग फरक कुठे? फरक नावेत नाही, काठावर आहे.

रवींद्रनाथांच्या मागे कुठीबाडी होती, जमीनदारी होती, कुष्टियाहून कोलकात्याला नेणारी गाडी होती. डोलकाठी मोडली तर दुसरी बसवता येत होती. म्हणून नावेवर राहणे हे त्यांना सुख झाले, आणि त्या सुखातून जगाला उत्तम साहित्य मिळाले. सुंदरबनातल्या जोडप्याच्या मागे एक मातीचा बांध आहे, तोही पुढच्या वादळाला टिकेल की नाही ठाऊक नाही. त्यांना नाव ही निवड नाही, निरुपाय आहे. ज्याच्या मागे किनारा भक्कम, त्याचीच नाव मोकळी!

आणि ज्यांना किनाराच नाही? पूर्व बंगालातल्या बेदे लोकांच्या पिढ्या टपाच्या होड्यांवर जन्मल्या आणि वाढल्या. बायका बांगड्या आणि जडीबुटी विकतात, पुरुष मासे धरतात, तळ्यात पडलेला दागिना बुडी मारून काढून देतात. कायमचा पत्ता नाही म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून दुसरा धंदा नाही. अशा पाण्याने वेढलेल्या मुलांसाठी बांगलादेशातल्या मोहम्मद रेझवान या वास्तुविशारदाने साधा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या दारी न्यावी. त्यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने २००२ पासून चलन बिलाच्या परिसरात तरंगत्या शाळा सुरू केल्या. सकाळी नाव घाटाघाटावर थांबते, मुले चढतात, आणि तिथेच वर्ग भरतो. पूर आला तरी सुट्टी नाही! योगायोग असा, की हा चलन बिलाचा मुलूख रवींद्रनाथांच्या बजऱ्याच्या वाटेवरचाच. एका घराने आपल्या पाच मुलांसाठी शिक्षक आणले, त्याच पाण्यावर शंभर वर्षांनी गरिबांच्या मुलांसाठी वर्ग तरंगू लागले.

नावेवर चार दिवस

काश्मीर आणि केरळच्या हाउसबोटी आणि सुंदरबनातल्या लाँचेस यांमुळे नावेवर मुक्काम करण्याची हौस आता मध्यमवर्गीय कुटुंबांनाही परवडते. ती जरूर पुरवावी. मात्र नाव निवडताना खोलीतले पडदे आणि जेवणाचा मेनू पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. माणशी एक लाइफ जॅकेट आहे का, आणि मुलांच्या मापाची आहेत का? नावेची परवानगी किती माणसांची आहे? आणि रात्री नाव कुठे नांगरणार? ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूरला क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतलेली नाव उलटून २२ जण दगावले, त्यांत मुले बरीच होती. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. जॅकेट उशीखाली ठेवण्याची वस्तू नाही, अंगात घालण्याची आहे, हे मुलांना आधी आणि नवरोबांना नंतर समजवावे!

पिण्याचे पाणी मोजून न्यावे. प्लॅस्टिकचा कागदही पाण्यात टाकू नये. ज्याला आपण सहलीचे ठिकाण म्हणतो, ते कोणाचे तरी न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि शेत असते.

आणि शेवटची गोष्ट. सुंदरबनातल्या लाँचच्या गच्चीवर चहा घेताना खाडीच्या वळणावर एखादी लहानशी होडी दिसेल. टपाखाली धूर, दोरीवर वाळत घातलेली साडी, नाळेवर बसून दोरी ओढणारी एक बाई. पर्यटक लगेच कॅमेरा काढतात. तो काढण्याआधी लाँचवाल्याला वेग कमी करायला सांगावे. मोठ्या लाँचची लाट लहान होडीत शिरते, आणि तिची चूल विझते.